एकसष्ट लेख आणि एक छत्री

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी त्रैमासिकाच्या कार्यालयात दोन खोल्या, तीन टेबले, पाच खुर्च्या (त्यांतली एक भिंतीला टेकवली तरच बसण्याजोगी), सतरा मिनिटे मागे असलेले एक घड्याळ, एक लोखंडी कपाट आणि कपाटात निर्णयाची वाट पाहणारे एकसष्ट लेख होते. मी ते दोनदा मोजले. सर्वांत जुना लेख सहा वर्षे चार महिन्यांपूर्वी आला होता, सर्वांत नवा आदल्या दिवशी, आणि दोघांची प्रगती सारखीच झाली होती.

माझे शिक्षण पदार्थविज्ञानातले. तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकात मी काय करणार, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला. त्रैमासिकात कोणी विचारला नाही. संपादकांना, म्हणजे सरांना, टपाल वेळेवर लावणारे कोणीतरी हवे होते. त्यांच्याखेरीज कार्यालयात एक टंकलेखिका होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. बावीस वर्षांत त्रैमासिकाचा प्रत्येक लेख ताईंच्या बोटांखालून गेला होता आणि एकही डोक्यात राहिला नव्हता. आपल्या चांगल्या तब्येतीचे कारण त्या हेच सांगत.

एकसष्टांपैकी एक लेख माझ्या मामांचा होता. कोणता, ते मला माहीत नव्हते.

मामा कॉलेजात एकतीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवत होते आणि एकतीस वर्षे अधिव्याख्याते होते. प्राध्यापक व्हायला एक लेख लागत होता, तोही तज्ज्ञांनी तपासून मान्य केलेला. छापून यायचीही गरज नव्हती, स्वीकृतीपत्र पुरे. पाच वर्षांपूर्वी त्यांनी लेख पाठवला. त्याच आठवड्यात मामींनी दारावरची नवी पाटी रंगवून आणली, मामांच्या नावामागे ‘प्राध्यापक’ लावून. तेव्हापासून ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या कपाटावर पडून होती. मी रुजू झाले तेव्हा मामांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. मामी मला एवढेच म्हणाल्या, "तू काही करू नकोस, बाई. फक्त ते कपाट अधूनमधून उघडत जा."

हे सगळे मी पहिल्याच दिवशी सरांना सांगून टाकले. सर खूश झाले. हितसंबंध जाहीर केला की त्याचे विष उतरते, असे त्यांचे मत होते. शिवाय लेखकाचे नाव परीक्षकांना कळतच नाही, तेव्हा काळजी नको, असेही ते म्हणाले.

परीक्षकांना नाव कळत नाही म्हणजे काय, ते मी पाहिले. ताई पहिल्या पानावरचे नाव काळ्या शाईने खोडत. मी बारा लेख घेऊन खिडकीपाशी गेले आणि पाने उजेडासमोर धरली. दहा नावे स्वच्छ वाचता आली. अकरावे शाई जास्त पडल्यामुळे वाचले गेले नाही आणि बारावे वाचायची गरजच पडली नाही, कारण तिसऱ्याच ओळीत ‘माझ्या गाजलेल्या ग्रंथात मी म्हटल्याप्रमाणे’ असे लिहून ग्रंथाचे नाव दिले होते.

औषधांची चाचणी घेताना कोणती गोळी खरी आणि कोणती साखरेची, हे रोग्यालाही माहीत नसते आणि डॉक्टरलाही. मी सरांना म्हटले, आपणही तसेच करू. परीक्षकाला तर नकोच, संपादकाला नको आणि मलाही नाव कळायला नको. यात माझा स्वार्थ होता: उद्या मामांचा लेख स्वीकारला गेला, तर भाचीने घुसवला असे कोणी म्हणायला नको. सरांनी चष्मा काढला. चष्मा काढणे म्हणजे होकार, हे मला पुढे कळले.

पद्धत मी आखली आणि अजूनही माझे मत आहे की ती निर्दोष होती. ताईंनी प्रत्येक लेखाचे पहिले पान, म्हणजे नाव, पत्ता आणि शीर्षक, कापून काढले. शीर्षकसुद्धा काढले, कारण या क्षेत्रात माणसे इतकी थोडी की शीर्षकावरून माणूस ओळखू येतो. ‘माझ्या ग्रंथात’ वगैरे गाळून त्यांनी सगळे लेख एकाच टंकात पुन्हा उतरवले. मग बिस्किटाच्या डब्यात एकसष्ट चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला क्रमांक दिला. कापलेल्या पानांवर तेच क्रमांक घातले, ती पाने एका मोठ्या लिफाफ्यात गेली आणि लिफाफ्यावर लाखेच्या पाच मोहरा बसल्या. दुसरी प्रत ठेवली नाही. दोन प्रती म्हणजे फुटण्याच्या जागा दोन, हे गणित माझे. टपालाच्या आवक वहीत एकसष्ट लेखकांची नावे-पत्ते होते, पण कोणाचा लेख कोणता, हे जगात फक्त त्या लिफाफ्याला माहीत होते. लिफाफा सरांच्या खणात गेला. कोणाचाही लेख ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही, असे मी सही करून दिले.

मग परीक्षकांची यादी काढली. चाळीस नावे होती, पैकी अकरा परीक्षक दिवंगत. त्यांतल्या दोघांना ताई दर तिमाहीला स्मरणपत्र पाठवत होत्या. हयात एकोणतीसपैकी एकाने चार वर्षांपूर्वी ‘विचार चालू आहे’ असे कळवले होते. बाकीच्यांचे तेवढेही चालू नव्हते.

तरी काम सुरू झाले. परीक्षकाकडे लेख जाण्याआधी सर स्वतः वाचत. रोज एक, कधी अर्धा. सत्ताविसाव्या लेखापाशी गाडी अडली.

त्या दिवशी सरांनी जेवणाचा डबा उघडला नाही. संध्याकाळी ते लेख घरी घेऊन गेले. सकाळी मी आले तेव्हा मागच्या खोलीतून धूर येत होता आणि सर मोरीच्या बेसिनपाशी उभे होते. लिफाफा जळत होता. पाने संपली होती, लाख तेवढी उकळत होती.

मी काहीतरी बोलले असेन. ते मला आठवत नाही, ताईंना आठवते आणि त्या सांगत नाहीत. सर मात्र अगदी शांत होते. त्यांनी मला लेख क्रमांक सत्तावीसमधले एक वाक्य वाचून दाखवले: ‘जो न पाहण्याचे वचन देतो आणि पाहण्याची सोय खणात ठेवतो, त्याने वचन दिलेले नसते, पाहणे पुढे ढकललेले असते.’

"बावीस वर्षं मी हे खातं सांभाळतोय," सर म्हणाले. "एवढ्या काळात एका लेखानं माझं मत बदललं. पहिल्यांदाच. मत बदलल्यावर तसं वागायला नको?"

मी म्हटले, "सर, पण आता हा लेख कोणाचा हे आपल्याला कधीच कळणार नाही."

"तेच तर त्यानं सिद्ध केलंय," सर म्हणाले.

लाख बेसिनच्या नळीत जाऊन थिजली आणि दुपारपर्यंत पाणी दारापर्यंत आले. प्लंबरने नळी उघडली, लाल गोळा बाहेर काढला आणि काय जाळले म्हणून विचारले. ताई म्हणाल्या, नावे. त्याने गोळा उलटासुलटा करून पाहिला आणि यापुढे नावे कोरडी जाळा, असा सल्ला देऊन तो गेला. बातमी इमारतभर झाली. वरच्या मजल्यावरच्या शिवणक्लासच्या बाईंनी सांगितले की त्या प्रत्येक कापडाला मागच्या बाजूने टाका घालून ठेवतात, गिऱ्हाइकाच्या नावाचा, म्हणून त्यांच्याकडे असे होत नाही. तळमजल्यावरचे नोटरी वकील म्हणाले, पुढेमागे गरज लागली तर मी आहे. गरज लागावी अशी त्यांची इच्छा असावी, असे मला उगाचच वाटले.

सरांना क्रमांक सत्तावीस तत्काळ स्वीकारायचा होता. पण नियमाने तज्ज्ञाचा अहवाल हवा. लेख वचन या विषयावरचा, आणि आमच्या यादीत वचनाचे तज्ज्ञ दोन. पहिले त्या अकरा दिवंगतांत होते. दुसरे माझे मामा.

मी सरांना विचारले की लेख त्यांचाच निघाला तर काय. सरांनी सगळे चाळून पाहिले होते, त्यानुसार वचनावरचे लेख एकूण पाच होते, म्हणजे शक्यता पाचात एक, दुर्लक्ष करण्याजोगी नव्हे. सर हसले. अहवालाच्या छापील नमुन्यातला पहिलाच प्रश्न ‘आपण लेखक ओळखता का?’ असा आहे, याची त्यांनी मला आठवण करून दिली. "स्वतःचं लेकरू कोण ओळखणार नाही?" ते म्हणाले. मला ते पटले. खरे सांगायचे तर मनातून बरेही वाटले. मामा ओळखतील, तसे कळवतील, सर लेख दुसऱ्या कोणाला दाखवतील, आणि महिन्याभरात पाटी कपाटावरून खाली येईल.

मामांनी लेख तीन आठवडे ठेवून घेतला. मामी फोनवर आईला सांगत होत्या की स्वतःच्या लेखाचा पत्ता नाही आणि दुसऱ्याच्या लेखावर रात्रंदिवस दात ओठ खाणे चालले आहे. मग अहवाल आला, चार पानांचा.

पहिला प्रश्न: आपण लेखक ओळखता का? उत्तर: ‘होय. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला कोणीतरी.’

पुढे लिहिले होते: ‘वचनाची चर्चा करताना लेखक उसन्या छत्रीचे उदाहरण देतो. हे उदाहरण गेली तीस वर्षे मी वर्गात देत आहे. लेखकाने ते दांड्यासकट उचलले आहे. छत्री काढून घेतली, तर या लेखात लेखक भिजत उभा राहतो. हा मनुष्य विचार करत नाही. विचार केल्यासारखा बसतो. लेख नाकारावा आणि चोर शोधावा.’

तोपर्यंत मी एकही लेख वाचला नव्हता, शपथच होती. छत्री हा शब्द पाहिला आणि मी खुर्चीवर बसले, ती भिंतीला न टेकवताच. उठून कपडे झटकले आणि लेख काढला. अकरा पाने होती. छत्री चौतीस वेळा.

आमच्या घरात मामांच्या छत्रीची कीर्ती मोठी आहे. मी आठ वर्षांची असताना त्यांच्याकडे सायकल मागितली होती. ते म्हणाले होते, "समज, मी तुला संध्याकाळी छत्री आणून देईन म्हणालो, आणि पाऊस आलाच नाही." अर्ध्या तासाने मी सायकल नको म्हणाले. लेखाच्या दुसऱ्या पानावर हेच वाक्य होते, पाऊस न येण्यासकट.

मी सरांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटले की या प्रकरणात परीक्षक आणि लेखक यांच्या संबंधाविषयी मला काही सांगायचे आहे. सरांनी दोन्ही तळवे कानांवर ठेवले. ही अलंकारिक भाषा नाही, खरोखर ठेवले. कळणे म्हणजे फितूर होणे, असे ते मोठ्याने म्हणाले, कारण कान झाकल्यावर माणूस मोठ्यानेच बोलतो. मी माझ्या सहीचा कागद आठवून परत आले.

सरांची अवस्था बिकट होती. बावीस वर्षांतला सर्वोत्तम लेख त्यांच्या हातात होता आणि त्याच्यावर चोरीचा आरोप होता. त्यांनी तोडगा काढला. येत्या अंकात अकरा पाने कोरी राखायची. लेखकाने पुढे यावे आणि छत्री कुठून आणली ते सांगावे, अशी सूचना कार्यालयाच्या दारावर लावली. खुलासा पटला तर त्याच दिवशी स्वीकृतीपत्र.

कोणी पुढे आले नाही. तेव्हा तळमजल्यावरचे नोटरी वर आले. आपला सल्ला फुकट आहे असे सांगून त्यांनी तो दिला. आवक वहीतल्या एकसष्ट जणांना एकेक छापील कागद पाठवावा: ‘लेख क्रमांक २७ मी लिहिलेला नाही.’ साठ जण सही करतील, एकसष्टावा करणार नाही. तोच. मी म्हटले, ही वजाबाकी झाली, आणि वजाबाकीने नाव कळणे म्हणजेही कळणेच. यावर सरांनी दोन दिवस विचार केला. मग ठरवले की इथे आपण पाहत नसून लेखक स्वतः दिसत आहे, आणि ते चालेल. न वाचता कोणी कसे नाकारणार, म्हणून प्रत्येक कागदासोबत लेखाची प्रत जोडली. अशा रीतीने न स्वीकारलेला हा लेख आमच्या कोणत्याही छापील लेखापेक्षा जास्त लोकांपर्यंत पोहोचला.

मामांचा कागद मी स्वतः घेऊन गेले. निवृत्तीला बारा दिवस उरले होते.

मामा अंघोळीला गेले होते. मामींनी माझ्या हातातून लेख घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून उलटसुलट चाळला. नवव्या पानावर त्या थांबल्या. तिथे छत्रीचे वर्णन होते: तपकिरी, मुठीला लाकडी बदकाचे डोके, एक काडी सुतळीने बांधलेली.

मामा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. मामी म्हणाल्या, "ही माझी छत्री आहे."

मामा म्हणाले की तेच तर ते म्हणत आहेत, छत्री त्यांची आहे, तीस वर्षांपासून.

"उदाहरण तुमचं असेल. छत्री माझी. सुतळी मी बांधली होती. कोणाला देऊन आलात ते अजून सांगितलेलं नाहीत, ते राहू दे. वर्गात कधी सांगितलंत का बदकाचं?"

"वर्गात बदक कशाला सांगायचं?"

"मग चोराला बदक कुठून कळलं?"

मामांनी लेख घेतला. उभ्याउभ्याच नववे पान वाचले, मग दहावे, मग खुर्चीवर बसून पहिल्यापासून. माझ्या घड्याळात पंचवीस मिनिटे झाली. सहाव्या पानावर ते किंचित हसले, आपल्याच विनोदाला हसतो तसे, आणि लगेच गंभीर झाले. संपल्यावर त्यांनी पाने मांडीवर ठोकून सारखी केली.

मी म्हटले, "मामा, अंकात अकरा पानं राखून ठेवलीत. सर म्हणालेत, त्याच दिवशी पत्र."

मामी कपाटावर पाहत होत्या.

"माझ्या अहवालात," मामा म्हणाले, "तिसऱ्या पानावर काय आहे ग?"

मला तो पाठ झाला होता. "‘हा मनुष्य विचार करत नाही, विचार केल्यासारखा बसतो.’"

"हं." त्यांनी टॉवेलने कान पुसला. "वाक्य चांगलं आहे."

मामी म्हणाल्या, "सांगून टाका. हसतील चार माणसं आणि विसरतील."

"अग, ते त्रैमासिक वाचतातच चार माणसं," मामा म्हणाले. "तीच ती."

मामांनी कागद ठेवून जायला सांगितले, तो टपालाने येईल म्हणाले. मी निघताना त्यांनी मला हाक मारली आणि विचारले की सरांनी लिफाफा खरोखरच या लेखामुळे जाळला का. मी हो म्हटले. वाचल्यावर दुसऱ्याच सकाळी? मी म्हटले, डबाही न उघडता. मामांनी मान हलवली. एकतीस वर्षे शिकवून त्यांच्या बोलण्याने कोणी आगपेटी उचललेली नव्हती.

त्यानंतरचे दिवस मी कागद मोजण्यात घालवले. रोज सात-आठ येत. बहुतेकांनी नुसती सही केली होती. नऊ जणांनी शेजारी ‘देवाची कृपा’ या अर्थाचे काहीबाही लिहिले होते. चौघांनी लेख आपण लिहिलेला नाही, पण लिहायला हवा होता असे कळवले. एक लेखक मधल्या काळात वारले होते. त्यांच्या मुलाने वडिलांच्या वतीने सही करून खाली टीप दिली होती की बाबांना लिहिण्याची सवय होती, पण घरात छत्री नव्हती. ताई वहीत एकेका नावापुढे खूण करत होत्या. नोटरी दिवसातून दोनदा जिन्यातून ओरडून आकडा विचारत.

बाराव्या दिवशी दुपारी मामांच्या कॉलेजात निरोपसमारंभ झाला. पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. आभार मानताना मामांनी छत्रीचे उदाहरण दिले नाही. घरी गेलो तेव्हा मामी स्टुलावर चढल्या, कपाटावरची पाटी खाली काढली, वर्तमानपत्र जुने झाले होते ते बदलले आणि पाटी पुन्हा वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी अंक छापायला गेला. अकरा कोऱ्या पानांवर सरांनी मागील बावीस वर्षांची विषयसूची घातली. शेवटचे टपाल त्याच सकाळी आले होते. ताईंनी वही मिटून माझ्याकडे दिली आणि मी आकडे पुन्हा एकदा पडताळले.

पाठवलेली प्रतिज्ञापत्रे: एकसष्ट. सहीनिशी परत आलेली: एकसष्ट.